हरवलेला म्हातारा आणि घरचा पैसा



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन मंडळी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही साखर कामगारांच्या चळवळीवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही त्यांस म्हटले, थकलेले पगार, वेतनकरार आणि हंगामी कामगारांचे प्रश्न यांवर आम्ही वर्षभर फाटकावर बोलतच असतो. देवळाली प्रवऱ्याच्या या मंडपात माणसे संध्याकाळी बायकामुलांसह येऊन बसतात. येथे घरातला विषय घ्यावा. मग विषय सांगितला. तो ऐकून मंडळी क्षणभर गप्प झाली. त्यांतील एकाने विचारले, "घरातला म्हातारा हरवतो, त्याच्याशी युनियनवाल्याचा काय संबंध?"

संबंध आहे. कामगार कामावर लागतो तेव्हा वारसाचे नाव ज्या कागदावर घालावयाचे तो कागद पुष्कळदा आमच्या हस्ताक्षरात असतो. तो निवृत्त होतो तेव्हा फंडाचा अर्ज आम्ही भरतो. ग्रॅच्युइटी अडली तर आम्ही भांडतो. पुढे पेन्शन सुरू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला देण्यासाठी तोच कामगार, आता काठी टेकत, आमच्या कचेरीत येतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी सुटले. पुढे जे काही शिकलो ते कायद्याच्या स्वस्त पुस्तकांतून आणि कामगारांच्या कागदांतून. त्यामुळे कोणाच्या घरात किती पैसा आला, आणि तो आल्यावर त्या घरात काय झाले, हे आम्हांस नको तितके ठाऊक आहे.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्याचा पैसा म्हणजे असतो तरी किती? कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्याचा फंड आणि ग्रॅच्युइटी. ती बहुधा मुलीच्या लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये किंवा मुलाच्या ट्रॅक्टरच्या पहिल्या हप्त्यात जाते. मागे उरते ती पेन्शन. १९९५ च्या योजनेतील ही पेन्शन इतकी तुटपुंजी की, २०१४ साली सरकारला ती किमान हजार रुपये करावी लागली. त्यापलीकडे उजव्या कालव्याखालची एकर-दीड एकर जमीन, पतपेढीतली एखादी ठेव आणि एक पासबुक. शहरातल्या माणसास हे हसण्यासारखे वाटेल. पण ज्या घरात महिन्याची तोंडमिळवणी होत नाही, त्या घरात पन्नास हजारांची ठेव ही मोठी गोष्ट असते, आणि ती म्हाताऱ्याच्या नावावर असते ही त्याहून मोठी गोष्ट असते. सून चहा गरम देते की गार, हे त्या ठेवीवर ठरते असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे पुष्कळ सुनांवर अन्याय करणारे होईल. पण त्या ठेवीविषयी घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही, हे मात्र आम्ही घरोघर पाहिले आहे. म्हातारा बोलत नाही, कारण पैसा कळला की तो गेला, असे त्यास वाटते. मुले बोलत नाहीत, कारण विचारले तर बापाच्या मरणावर टपली असे लोक म्हणतील. मुलगी बोलत नाही, कारण तिने हक्कसोडीच्या कागदावर सही केलेली असते.

असा माणूस एके दिवशी सकाळी चहा पिऊन बाहेर पडतो आणि रात्री घरी येत नाही. मग काय होते?

एक हकीकत सांगतो. त्या घरातल्या तिन्ही भावंडांस आम्ही आधी विचारले. नाव आणि गाव घेऊ नये, एवढ्याच अटीवर त्यांनी होकार दिला. गाव येथून फार दूर नाही. म्हातारबाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. साखर कारखान्यात चरकावर काम केलेले. डाव्या हाताच्या करंगळीचे अर्धे पेर पट्ट्यात गेलेले. कारभारीण चार वर्षांपूर्वी वारली होती. थोरला मुलगा पुण्याकडे कंपनीत, धाकटा गावात शेती करणारा, आणि लेक दोन एस. टी. बदलून जावे लागते अशा गावी दिलेली. बाबा धाकट्याकडे राहत. सोमवारी सकाळी "जाऊन येतो" म्हणून ते गेले. धोतर, बंडी, टोपी आणि हातात कापडी पिशवी. मोबाइल त्यांनी कधी बाळगला नाही.

पहिल्या रात्री साऱ्या गावाने माणुसकी दाखविली. पोरे बॅटऱ्या घेऊन पाटाच्या कडेने पार पुढच्या दारापर्यंत गेली. विहिरी पाहिल्या, उसाच्या सऱ्या पाहिल्या. मंगळवारी दुपारी थोरला मुलगा आला. त्याने बापाची ट्रंक उघडली. पासबुक निघाले. चार दिवसांपूर्वी त्यातून साठ हजार रुपये काढलेले होते. बँकेत बापाला मोटारसायकलवरून धाकट्यानेच नेले होते, हे सगळ्यांनी पाहिले होते.

त्या घटकेपासून पाटाच्या कडेला कोणी गेले नाही. शोध थांबला आणि तपास सुरू झाला. आणि तपास होता तो साठ हजारांचा. पोलिसांत खबर दिली ती बुधवारी सकाळी. त्यातही "वडील बेपत्ता" हे एक वाक्य, आणि खाली धाकट्या भावावरचा संशय सविस्तर.

बुधवारी संध्याकाळी देवळापुढे माणसे जमली आणि आम्हांस बोलावणे आले. बाबांचे सारे कागद आम्ही केलेले; आमच्या शब्दाला त्या घरात मान होता. बंधुभगिनींनो, आम्ही आयुष्यभर चौकशी-समित्यांपुढे कामगारांची बाजू मांडली. पुरावा ऐकल्याशिवाय कोणास दोषी धरू नये, हे आम्ही मालकांना शंभरदा ऐकविले आहे. त्या संध्याकाळी चाळीस माणसांसमोर आम्ही त्या पोराला म्हणालो, "पैशाचं काय झालं ते सांगून टाक. बाकीचं आम्ही पाहून घेऊ." तो म्हणाला, "बाबांनी काढले, त्यांच्यापाशीच होते. कशाला काढले विचारलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय." चाळीस माणसांतून कोणीतरी हसले. पोराने मान खाली घातली. खाली घातलेली मान हा आम्ही कबुलीजबाब समजलो.

लेक मंगळवारी रात्रीच आली होती. ती दाराशी, भिंतीला टेकून बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही.

पुढच्या सोमवारी रात्री तिच्या नवऱ्याचा आम्हांस फोन आला. बाबा ज्या दिवशी घरातून गेले, त्याच दिवशी दुपारी ते तिच्या घरी पोचले होते. पिशवीतून त्यांनी साठ हजार काढून तिच्या हातावर ठेवले. जावयाच्या डोक्यावर कर्ज होते. "पोरांना सांगू नको" म्हणाले, जेवले आणि चारच्या गाडीने निघाले. ती म्हणाली, "भाऊ म्हणतील, हिनं बापाला लुटलं. सही करून गेली आणि मागल्या दारानं आली. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर पैशाचं विचारलं, तेव्हा तर माझी जीभच उचलेना. उद्या सांगते, उद्या सांगते, असं म्हणत राहिले."

मंगळवारी आम्ही त्या दोन एस. टी. च्या वाटेवरची दवाखाने पाहत निघालो. तिसऱ्या ठिकाणी बाबा सापडले. सोमवारी संध्याकाळी स्टँडवर त्यांस भोवळ येऊन ते पडले होते. रुग्णवाहिकेने त्यांस तेथे आणले. नोंदवहीत लिहिले होते, "अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर". ते शनिवारी पहाटे वारले होते. करंगळीवरून धाकट्याने ओळखले. थोरला बाजूस उभा राहून रडत होता.

सोमवार ते शनिवार. आम्ही बुधवारी संध्याकाळी देवळापुढे उभे होतो. तेव्हा बाबा जिवंत होते, आणि ते कोणत्या वाटेने गेले हे ठाऊक असणारी त्यांची लेक आमच्यापासून दहा हातांवर बसली होती. आम्ही पैशाऐवजी एवढेच विचारले असते की, "बाबा कुठे कुठे जायचे, आठवून सांगा," तर ती बोलली असती की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. ती वाचा आम्ही बंद केली, एवढे मात्र आम्ही जाणतो. पुढे आम्ही धाकट्याच्या दारी गेलो. त्याने चहा दिला. त्या विषयावर तो काही बोलला नाही, आणि आम्हांसही शब्द सुचले नाहीत.

आता कोणी म्हणेल की, यावरून संशय घेऊ नये, हाच बोध घ्यावा. हा बोध घेऊन घरी जाण्याची घाई करू नका. याच्या अगदी उलट हकीकत पुण्यास घडलेली आहे. ती माणसे आपल्या तालुक्यातली नव्हत, आणि जी व्यक्ती नाहीशी झाली ती म्हातारा बाप नसून एक विधवा बाई होती. पण पैसा, नातलग आणि नाहीसे झालेले माणूस ही तिन्ही तेथे होती. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, म्हणून त्याची हकीकत न्यायालयाच्या निकालात नोंदलेली आहे. जुन्या मंडळींनी लागू खटला या नावाने ती घरात ऐकली असेल.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या बाई राहत. यजमान १९४५ साली वारलेले. एक मुलगा १९५४ मध्ये गेला, दुसरा नोकरीनिमित्त पुण्याबाहेर. राहते घर, बँकेतला पैसा, कंपन्यांचे भाग असा बऱ्यापैकी पैसा बाईंपाशी होता. त्यांस मधुमेहाचा विकार होता. त्यांच्याच घरात भाडेकरू असलेले डॉक्टर अनंत चिंतामण लागू हे त्यांच्यावर उपचार करीत आणि त्यांचे पैशाचे व्यवहारही पाहत. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांस दाखवावयाचे म्हणून, बाई त्यांच्याबरोबर आगगाडीने निघाल्या. १३ तारखेस पहाटे मुंबईस त्या बेशुद्ध स्थितीत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल झाल्या, आणि त्याच दिवशी दुपार होण्यापूर्वी वारल्या. रुग्णालयाच्या वहीत नाव लागले ते लक्ष्मीबाई कर्वे असे नव्हे. माहेरच्या नावाशी मिळतेजुळते, इंदुमती असे नाव तेथे सांगितलेले होते. नातलगांस कोणी कळविले नाही. प्रेत बेवारस राहिले.

आणि मग पुण्यास पत्रे येऊ लागली. लक्ष्मीबाईंच्या नावाने आलेली. आपण यात्रेस गेलो आहोत. पुढे, आपण पुनर्विवाह केला आहे, जयपूरच्या बाजूस राहत आहोत, आमचा शोध करू नका. इकडे बाईंचा पैसा, भाग आणि चीजवस्तू एकेक करून डॉक्टरांच्या हाती जात होत्या. हे कितीतरी महिने चालले. अखेर नातेवाइकांच्या तक्रारी सरकारदरबारी गेल्या, आणि १९५८ साली डॉक्टरांस अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. शवपरीक्षेत विष सापडले नव्हते. त्यामुळे तिघांपैकी एका न्यायमूर्तींचे मत निराळे पडले. इतर दोघांनी सारी परिस्थिती एकत्र पाहिली. खोटे नाव का सांगितले? मृत्यू का लपविला? मेलेल्या बाईच्या नावाने पत्रे का लिहिली? पैसा का घेतला? याचा निर्दोष खुलासा होऊ शकत नाही, असे त्यांनी ठरविले.

या हकीकतीत आम्हांस डॉक्टरांच्या कपटापेक्षा एक दुसरीच गोष्ट अधिक लागते. ती पत्रे नातलगांना महिनोन्महिने पुरली. प्रौढ वयाची, मधुमेहाने थकलेली, पुण्याबाहेर फारशी न वावरणारी बाई एकाएकी परमुलखात लग्न करून राहते, हे ऐकून चारजणांनी नवल केले असेल, दोघांनी नाके मुरडली असतील. पण "आम्ही तिला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे खरे मानणार नाही" असे म्हणून लगेच जयपूरची गाडी कोणी धरली नाही. पत्र आले की प्रश्न मिटला. आजच्या काळी पत्रे गेली. आता मोबाइलवर निरोप येतो, "मी खुशाल आहे, काळजी नसावी." तो निरोप म्हाताऱ्याच्याच बोटांनी लिहिला होता की नाही, हे आपण विचारतो का?

दोन्ही हकीकती शेजारी ठेवून पाहा. एका घरात संशय दुसऱ्या दिवशी आला आणि तो चुकीच्या माणसावर बसला. दुसरीकडे संशय यावयास हवा होता तेव्हा आला नाही. दोन्हीकडे माणूस रुग्णालयात मेले आणि त्याच्या खऱ्या नावाने त्यास कोणी हाक मारली नाही. तेव्हा संशय घ्यावा की घेऊ नये, हा वाद निष्फळ आहे. संशय कशाविषयी घ्यावा आणि तो कोठे बोलावा, हे पाहिले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: पहिले काही दिवस विचारावयाचे ते माणसाविषयी. शेवटी कोणी पाहिले? कोठे? कोणत्या गाडीत? कोणाकडे जाण्याचा संभव होता? पैशाची माहिती त्यात उपयोगी पडते, पण ती वाट दाखविण्यापुरती. साठ हजार काढले म्हणजे ते कोणास तरी द्यावयाचे होते. कोणास द्यावयाचे असतील, तिकडे चला, असा तिचा उपयोग. आणि ही विचारपूस पारावर चारचौघांत करू नये. घरातल्या एकेकाला बाजूस घेऊन करावी, आणि जे कळेल ते ठाण्यात सांगावे. पोलिसांपुढे माणूस जे बोलेल ते भावकीपुढे बोलणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

माणूस सापडलाच नाही तर काय? हाही प्रश्न घरोघर येतो, आणि येथे पैसा फार छळतो. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. प्रेत मिळाले असे सांगणारे होते, तरी पुण्यात सर्वांची खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, त्यास माणसे मिळाली, आणि १७७६ साली त्यास देहांत शासन होईपर्यंत राज्यात गोंधळ माजला. न सापडलेला माणूस पेशव्यांच्या घरात जे करतो, तेच लहान प्रमाणात कामगाराच्या घरात करतो. बायकोने कुंकू लावावे की नाही? वर्षश्राद्ध घालावे की नाही? जुन्या शास्त्राने यावर बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा विधी सांगितला होता. शास्त्रकारांनाही ठाऊक होते की, घराला केव्हातरी एक दिवस ठरवून द्यावा लागतो.

इंग्रजी कायद्याने तो काळ सात वर्षांवर आणला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १०७ आणि १०८ ही कलमे. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमातील ११० आणि १११ या कलमांनी घेतली आहे. ज्यांना सहजगत्या खबर लागावयास हवी होती त्यांना सात वर्षे माणसाची खबर नसेल, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, असा त्याचा आशय. पण यात एक खाच आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. माणूस मेला असे न्यायालय धरून चालते. पण तो सात वर्षांपूर्वी, हरवला त्याच दिवशी मेला, असे धरून चालत नाही. २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. नवरा बेपत्ता झालेल्या बाईने विम्याचे पैसे मागितले. मधल्या काळात हप्ते भरले नव्हते. मृत्यू त्याआधीच झाला हे सिद्ध होईना. दावा टिकला नाही. म्हणून हरवलेल्या माणसाच्या नावाने विमा असेल तर हप्ते थांबवू नयेत, किंवा निदान जाणत्या वकिलाला विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

बँकेचे तसेच. रिझर्व्ह बँकेने २००८ साली बँकांना सांगितले की, बेपत्ता खातेदाराच्या वारसांनी न्यायालयाकडून मृत्यूचे अनुमान करून घ्यावे आणि मग रक्कम द्यावी. लहान रकमांच्या बाबतीत मात्र पोलिसांतली खबर, शोध लागला नसल्याचा पोलिसांचा अहवाल आणि वारसांचे हमीपत्र यांवर बँकेने भागवावे. केंद्र सरकारच्या नोकरांच्या कुटुंबांस पोलिसांत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंबनिवृत्तिवेतन मागता येईल, असा निर्णय २०१३ साली झाला. कारखान्याच्या कामगाराच्या विधवेला, म्हणजे जिला विधवा म्हणावे की नाही हेच ठरत नाही तिला, अशी सहा महिन्यांची वाट मोकळी व्हावी, ही मागणी आमच्यासारख्यांनी लावून धरण्याजोगी आहे. जिवंत असल्याचा दाखला म्हातारा दरवर्षी देतो. तो एक वर्ष दिला नाही की पेन्शन थांबते. पण तो मेला हे मानावयास मात्र त्याच्या बायकोने सात वर्षे थांबावे, हा हिशेब आम्हांस समजत नाही.

या सर्व ठिकाणी पहिला कागद कोणता लागतो ते पाहिलेत ना? पोलिसांतली खबर. ती द्यावयास चोवीस तास थांबावे लागते, ही समजूत चुकीची आहे. त्याच रात्री जावे. त्यात माणसाची खूण, अंगावरचे कपडे, जुन्या जखमा, औषधे, विसरभोळेपणा असल्यास तोही, आणि तो कोठे जाऊ शकेल ती ठिकाणे लिहून द्यावीत. कोणावर संशय असेल तर तोही सांगावा, पण खबरीचा अर्धा कागद भावाने खाऊ नये. मग एस. टी. स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक, रेल्वे पोलीस आणि वाटेवरचे सारे सरकारी दवाखाने. दवाखान्यात विचारताना नावाने विचारू नये. "अनोळखी माणूस कोणी आणलाय का," असे विचारावे. पोलिसांसाठी ११२ आणि वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक घरातल्या पोराबाळांना पाठ असावेत. आणि म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशात, टोपीच्या घडीत, नाव, गाव आणि एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. बाबांच्या बंडीत अशी चिठ्ठी असती, तर त्या सोमवारी रात्रीच दवाखान्यातून फोन आला असता. कागदाच्या चतकोर तुकड्याचे काम होते. साऱ्या आयुष्यात आम्ही बाबांचे इतके कागद भरले, पण हा भरला नाही.

परंतु हे सर्व माणूस हरवल्यानंतरचे झाले. त्याआधीचे एक काम आहे आणि ते अधिक अवघड आहे. म्हाताऱ्याने आपल्या पैशाचा हिशेब हयातीत, आपल्या तोंडाने, सर्व मुलांना एकत्र बसवून सांगावा. लेकीलाही बोलवावे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा दिला. आपण तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेतो, साडी देतो, आणि मग बाप तिला काही देऊ लागला तर ती चोरी ठरते. बापाला लेकीला पैसे द्यावयाचे होते. पैसे त्याच्या घामाचे होते. तरी त्याला ते पिशवीत लपवून न्यावे लागले. त्या घरातला दोष शोधावयाचा तर तो येथे आहे, आणि तो त्या एकाच घरात आहे असे आम्हांस वाटत नाही.

मुलांच्या नावावर सर्व करून मोकळे व्हावे, असेही आम्ही म्हातारबाबांना सांगणार नाही. द्यावयाचेच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला आहे. अशी अट लिहून दिलेली मिळकत, अट पाळली नाही तर, परत मिळविता येते आणि त्यासाठी प्रांतांकडे न्यायाधिकरण आहे. पण कायद्याच्या आधी दुसरे काही हवे. हिशेब उघडा असला की घरात भांडण होत नाही असे नाही. होते, आणि तोंडावर होते. मात्र तोंडावर झालेल्या भांडणाने पाटाकडे निघालेले शोधकरी परत फिरत नाहीत.

आम्ही कामगारांना नेहमी सांगत आलो की, कारखान्याचा ताळेबंद मागा, तो तुमचा हक्क आहे. संचालकांनी हिशेब झाकला की आम्ही संप पुकारतो. पण घरी आल्यावर आपण प्रत्येकजण लहानसा संचालक होतो, आणि आपला ताळेबंद ट्रंकेत कुलुपात ठेवतो. आमचेही तसेच होते. त्या मंगळवारी दवाखान्यातून परतल्यावर आम्ही घरी गेलो, पेटीतली सारी पासबुके काढली, आणि मुलगा, सून, लेक यांस बोलावून समोर मांडली. फार काही निघाले नाही. कामगार चळवळीत कोणाचे फार काही निघत नाही. मुलगा म्हणाला, "एवढंच?" आम्ही म्हटले, "एवढंच. पण आता तिघांनाही ठाऊक आहे."

श्रोतेहो, आपणही आज घरी गेल्यावर, वडील जागे असतील तर त्यांच्यापाशी थोडे बसा. पैशाचे आजच काढू नका; एकदम काढलात तर ते घाबरतील. आधी विचारा की, दिवसभर कुठे कुठे गेला होता, कोण कोण भेटले. रोज विचारत गेलात तर त्यांच्या वाटा तुम्हांस ठाऊक होतील. पैशाचे बोलणे त्यातूनच पुढे केव्हातरी निघेल.